काकांची हिरवी पट्टी

शिक्षकांच्या खोलीतल्या एकुलत्या एका संगणकासमोर बाई बसल्या, तेव्हा पडद्यावर तीन रंगीत पट्ट्या होत्या. लाल बाईंची, निळी गाईडची, पिवळी नव्या नवरीची. चौथी, हिरवी, काकांची होती, आणि ती अजून उगवायची होती.

इंग्रजी परकी भाषा म्हणून कशी शिकवावी, याचा तो ऑनलाइन अभ्यासक्रम होता. शेवटी चौघांच्या गटाने मुलांसाठी एक बोलकं गोष्टीचं पुस्तक सामायिक पानांवर तयार करायचं. प्रत्येकाने एक पान लिहायचं, स्वतःच्या आवाजात वाचायचं आणि इतरांच्या पानांवर शेरे द्यायचे. कोणी किती काम केलं ते पट्टीवरून कळे, आणि एकाची जरी पट्टी रिकामी राहिली तरी सगळा गट नापास. मार्गदर्शक मॅडमनी हा नियम पहिल्याच दिवशी हसतमुखाने सांगितला होता. याला त्या सहकार्याची भावना म्हणत.

बाईंना नापास होणं परवडणारं नव्हतं. शाळेतली त्यांची नोकरी हंगामी, आणि मुख्याध्यापकांनी स्पष्टच सांगितलं होतं की सुट्टीच्या आत प्रमाणपत्र आणा, नाहीतर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. घरी नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला. तो दिवसभर नळ दुरुस्त करत बसे. चांगले चालणारेसुद्धा.

काका म्हणजे निवृत्त औषधविक्रेते. गटाची ओळखीची बैठक झाली तेव्हा त्यांच्या कॅमेऱ्यात फक्त छताचा पंखा दिसत होता. पंख्याच्या खालून कुठूनतरी आवाज आला, "हे माझ्याच्याने होईलसं वाटत नाही. माझा पासवर्ड घेऊन ठेवा तुम्ही सगळे. अडलंच तर टाका माझ्या वतीने काहीतरी." तेवढंच. त्यानंतर काकांचा पत्ता नाही. गटात टाकलेले मेसेज ते वाचत, हे मात्र दिसत होतं.

"वाचतात आणि गप्प बसतात. कमाल आहे," नवरीने लिहिलं. तिला लग्नानंतर परदेशात नोकरी धरायची होती.

"वयाचा फायदा घेतात झालं," गाईडने लिहिलं. तो पर्यटकांना फिरवायचा, पण पर्यटकच येईनासे झाल्यावर मास्तर व्हायला निघाला होता.

बाई वैतागल्या होत्या. त्यांनीही लिहिलं, "आपण इथे मरमर मरतोय आणि काका मस्त आडवे झालेत." तेही वाचलं गेलं. उत्तर आलं नाही.

शेवटी बाईंनीच मन घट्ट केलं. दुसऱ्याच्या नावाने लिहायचं म्हणजे चोरीच, पण पासवर्ड तर त्यांनीच दिला होता. पहिल्या तासाला पोरांना शुद्धलेखन घालून त्या काकांच्या नावाने आत शिरल्या आणि बाजारात हरवलेल्या कुत्र्याच्या गोष्टीच्या दोन ओळी लिहिल्या. हिरवी पट्टी नखाएवढी उगवली. कोणाला सांगायची सोय नव्हती, तेव्हा बाई गप्प राहिल्या.

दुसऱ्या दिवशी बघतात तर कुत्रा बाजार ओलांडून नदीपर्यंत पोहोचलेला. बाईंचा जीव भांड्यात पडला. काका जागे झाले म्हणायचे. प्रत्यक्षात नदीपर्यंत कुत्र्याला गाईडने नेलं होतं. बाईंच्या दोन ओळी बघून त्यालाही वाटलं, काका सुरुवात करून अडलेत, थोडा हात देऊ. नवरीने तेच बघून कुत्र्याला पलीकडच्या काठावर मालक मिळवून दिला. तिघांच्याही पोटात एकच गुपित होतं, आणि तिघेही मनात काकांना दुवा देत होते.

मग आवाजाचा प्रश्न आला. गाईडने तोंडावर रुमाल धरला आणि म्हाताऱ्या आवाजात पान वाचून टाकलं. अधूनमधून खोकला घातला, म्हणजे खरं वाटेल. ते ऐकून बाईंना गलबलून आलं.

"खोकतायत हो बिचारे," त्यांनी गटात लिहिलं. "आजारी असूनही वाचलं."

"काका, मीठ घालून गुळण्या करा," नवरीने लिहिलं. मॅडमनीही पानाखाली शेरा दिला, "आपली जिद्द वाखाणण्यासारखी आहे. प्रकृतीला जपा."

शेरे द्यायची पाळी आली तेव्हा नवरीने काकांच्या नावाने बाईंच्या पानावर लिहिलं, की गोष्ट बरी आहे, पण कोल्हा फार बोलतो. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांचं पान आपण सुरू करून दिलं तेच आपला कोल्हा काढतात? त्यांनी खाली खरमरीत उत्तर लिहिलं. भांडण वाढून गट बुडेल या भीतीने गाईडने काकांच्या नावाने माफी मागितली. माफी इतकी नम्र होती, की बाईंनी खरोखरच कोल्ह्याची निम्मी बडबड कापली आणि काकांच्या नावाने स्वतःचेच आभार मानले. हिरवी पट्टी आता चौघांत सगळ्यात लांब झाली होती. मॅडमनी जाहीर केलं, की इतका समंजस सहकारी त्यांनी पाहिला नाही, आणि शेवटच्या बैठकीत काकांनी स्वतः दोन शब्द बोलावेत.

बैठकीच्या दिवशी काकांच्या चौकटीत आधी पंखा दिसला. मग कॅमेरा हलला आणि एका वयस्क स्त्रीचा चेहरा आला.

"काकू, काकांना देता का जरा?" मॅडम म्हणाल्या.

"ह्यांना जाऊन दोन महिने होत आले," काकू म्हणाल्या.

गाईडला तेवढ्यात खरा खोकला आला आणि त्याने तो दाबला.

"तुम्हाला कळवणारच होते," काकू म्हणाल्या. "पण दिवस झाले नाहीत तोच ह्यांचा फोन वाजला, सूचना आली की ह्यांनी पान सुरू केलं. मग रोजच वाजायला लागला. कळत होतं मला, कोणीतरी दुसरं करतंय. पण घरात आवाज यायचा. फोन मी चार्ज करून ठेवायची. हयातीत ह्यांनी एक काम धड पुरं केलं नाही. म्हटलं, इथे पुरं होतंय तर होऊ दे."

बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "काकू, मी ते आडवे झालेत म्हणून लिहिलं होतं," त्या कशाबशा म्हणाल्या. "चुकलं माझं."

"वाचलं मी. खोटं कुठे होतं?" काकू शांतपणे म्हणाल्या. "आणि तो खोकला कोणाचा? ह्यांचा असा नव्हता."

मग तिघांनी एकेक करून कबुली दिली, आणि तेव्हा कुठे तिघांना एकमेकांचं कळलं. मॅडमचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला.

निकाल लागला. बाई, गाईड आणि नवरी नापास. काका पास, विशेष प्रावीण्यासह. बाईंनी थेट मॅडमना फोन लावला.

"तुम्ही तिघांनी दुसऱ्याच्या नावाने काम केलं," मॅडम म्हणाल्या. "काकांनी कोणाच्याही नावाने काही केलेलं नाही."

"पण ते वारलेत, मॅडम."

"त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण नापास करायला कारण लागतं, आणि वारणं हे कारणांत धरलेलं नाही. तुम्ही वेळेवर चौकशी केली असती तर मी तिघांचाच गट करून दिला असता. पास झाला असतात."

बाई त्या दिवशी घरी गेल्या. नवरा न्हाणीघरातला नळ उघडून बसला होता. त्यांनी त्याच्या हातात पाना दिला आणि शेजारी बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. गटाचा निकाल शाळेकडे आला होता. ते बोट ठेवून नावं वाचत होते.

"तुमचं वाईट वाटतं बाई, पण माझा नाइलाज आहे," ते म्हणाले. मग बोट खाली सरकलं. "हे कोण, विशेष प्रावीण्य? माणूस कसा आहे?"

"शांत आहेत," बाई म्हणाल्या.

"वर्गात चालतील? उगाच कुरकुर करणारा नको मला."

"कुरकुर नाही करायचे."

"मग विचारून बघा ना त्यांना. तुम्ही एका गटात होतात, तुमचा शब्द मोडणार नाहीत."

बाईंनी खिडकीतून मैदानाकडे पाहिलं. सुट्टीची घंटा झाली होती आणि पोरं धावत सुटली होती. "ते येणार नाहीत, सर."

"का? दुसरीकडे गेले?"

"हो."

"बघा, म्हणजे चांगलं माणूस आपल्याला कधी मिळायचंच नाही," मुख्याध्यापक हळहळले, आणि बाईंच्या जागेसाठी जाहिरात लिहायला त्यांनी कागद पुढे ओढला. मजकूर इंग्रजीत हवा होता, म्हणून तो त्यांनी बाईंकडूनच लिहून घेतला.