निकेत सरांचं पित्त

शरीर प्रत्येकाला जन्मतःच मिळत असलं, तरी त्याची अधिकृत माहिती पदवीच्या दुसऱ्या वर्षीच मिळावी, असा विद्यापीठाचा दूरदर्शी निर्णय आहे. त्यातही विज्ञान न घेतलेल्यांना ती दोन क्रेडिटपुरतीच मिळते. तेवढ्यात हृदय, फुप्फुसं आणि पचनसंस्था बसतात. (मेंदू ऐच्छिक आहे.)

अलिबागजवळच्या एका कॉलेजात 'मानवी शरीर : तोंडओळख' हा विषय निकेत सरांकडे आला. ते हिशेबशास्त्र शिकवत, आणि शरीरातही जमाखर्च असतोच, असं प्राचार्यांचं म्हणणं पडलं. सर मन लावून शिकवत. श्वास जमा, उच्छ्वास खर्च, ताळा जुळला नाही की मृत्यू, हे त्यांनी इतकं सोपं केलं, की मुलांना मरणाची भीतीच उरली नाही.

सरांचा खरा राग होता पित्तावर. कॉलेजशेजारच्या नागाव गावात डोकं दुखलं तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, सून उलट बोलली तरी सासूला पित्त. रेवसच्या लाँचमध्ये पोट ढवळलं, तर तेही लाटांमुळे नव्हे, पित्तामुळेच. शेवटी सरांनी फळ्यावर लिहिलं, 'पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा पाचक रस. बस्स.' खाली दोन रेघा ओढल्या आणि एका अंधश्रद्धेचं खातं बंद केलं.

पुढच्या तासाला हृदयविकाराची लक्षणं होती. छातीवर दाब, डाव्या हातात कळ, जबड्यापर्यंत दुखणं, दरदरून घाम. 'घाम' लिहितानाच सरांच्या हातातला खडू निसटला. छातीवर नारळाचं पोतं ठेवल्यासारखं झालं. डावा हात भरून आला, शर्ट पाठीला चिकटला. सर खुर्चीत बसले आणि शांतपणे म्हणाले, "काही नाही. पित्त झालंय."

वर्गाचा जीव भांड्यात पडला. मुलांनी चौथं लक्षण उतरवून घेतलं.

शिपाई काळूराम धावत आला. "पित्तच हाय, सर. माज्या मेव्हन्याला पन असाच झालता. सोडा दिला त्याला."

"मग बरा झाला का?" पहिल्या बाकावरच्या तैयबानं विचारलं.

"त्याला जाऊन दोन वर्सं झाली," काळूराम म्हणाला. "पन पित्त परत न्हाय झाला."

स्टाफरूम लोटली. लिंबू, ओवा की आमसुलाचं पाणी, यावर रीतसर चर्चा झाली. (आमसूल बहुमतानं मंजूर झालं. मराठीच्या बाईंनी ओव्याच्या बाजूनं विरोध नोंदवला.)

"सर, घाम बघा तुमचा," तैयबा रडकुंडीला आली. "आत्ता तुम्हीच लिहून दिलंत ना!"

सरांनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. उत्तर अचूक होतं, पूर्ण गुण द्यावेत असं. पण ते परीक्षेसाठी होतं, आणि इथे विषय सरांच्या छातीचा होता. खरं तर सर आतून पार घाबरले होते. घरी धाकटी लेक अमिषा वाट बघत असेल, या विचारानं त्यांना रडूच येत होतं. पण साध्या पित्तासाठी दवाखाना गाठला, तर लोक काय म्हणतील?

तैयबानं लोकांना विचारलं नाही. रस्त्यावरची मिनीडोर रिक्षा थांबवली, चार मुलांकडून सरांना उचलून आत घातलं आणि आमसुलाचं पाणी ड्रायव्हरला पाजलं.

हार्ट अटॅकच होता. आणखी थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी प्राचार्य शहाळं घेऊन भेटायला आले. "सर, इतकं पित्त वाढू द्यायचं नसतं," ते कळवळून म्हणाले. सरांनाही ते पटलं.

तुम्ही हसलात, बरं झालं. हसताना बरगडीमागे जरासं दुखलं असेल. गेल्या महिन्यात जिना चढतानाही दुखलं होतं, आणि तुम्ही घरी कुणाला बोलला नव्हतात. हरकत नाही. पित्तच असणार.