सरस्वतीच्या पायाशी मॅट आणि कॅट

उन्मेषने लेकीची, ऋताची, वाचनाच्या कार्डांची पेटी सरस्वतीच्या पायाशी ठेवली, ती फक्त पाच मिनिटांसाठी. निदान त्याचा बेत तसा होता. बँकेने त्याला पुण्याहून उचलून थेट बंगालात, डमडममध्ये आणून टाकल्याला जेमतेम वर्ष होत आलं होतं. पूजा म्हणजे हळदकुंकू वाहायचं, नमस्कार करायचा आणि पुस्तक उचलून कामाला लागायचं, असं त्याच्या अंगवळणी पडलेलं.

घाईला कारणही होतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी शाळेत ऋताची वाचनाची परीक्षा होती. पाच वर्षांच्या मुलीने अक्षरांचे आवाज जोडून शब्द वाचायचे. जमलं तर पहिली, नाही तर पुन्हा केजी. शाळेत फोनिक्स होतं. म्हणजे सी-ए-टी कॅट असं घोकायचं नाही. क्, ॲ, ट् असे आवाज काढायचे आणि ते एकमेकांना चिकटवायचे. ऋताचे आवाज निघायचे, पण चिकटायचे नाहीत. "हे खातं आता माझ्याकडे," असं उन्मेषने बायकोला, वैदेहीला, जाहीर करून टाकलं होतं. (ज्याने अख्ख्या शाखेला नवं सॉफ्टवेअर शिकवलं, तो तीन आवाजांना काय भीक घालणार!) पूजेच्या सुट्टीतल्या सरावाचं भरगच्च वेळापत्रक फ्रिजवर लटकत होतं.

सोसायटीच्या मंडपात पुष्पांजली झाली. उन्मेषने पेटीला हात घातला, तर शेजारच्या मृणालदींनी तो हात हळूच बाजूला केला.

"उद्या," त्या बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाल्या. "आज पुस्तकं देवीकडे. आज कोणी लिहायचं नाही, वाचायचं नाही. उद्याची पूजा झाली की घेऊन जा."

"दीदी, उद्या सकाळीच हिची परीक्षा आहे."

"मग तर मुळीच नको. देवी रागावली तर?"

"हे पुस्तक नाही हो, नुसती कार्डं आहेत."

"त्यांवर अक्षरं आहेत ना?"

उन्मेष चपला शोधायला लागला. ऋता मात्र शेजारी उभी राहून सगळं कान देऊन ऐकत होती, आणि आयुष्यात प्रथमच तिला अभ्यासाबद्दलचा एक नियम मनापासून पटला होता.

घरी आल्यावर उन्मेषने कोरा कागद काढला. ऋताने पेन काढून घेतलं. मग तिने वर्तमानपत्राची घडी केली आणि तिच्यावर बसली. बाबांचा मोबाइल उशीखाली गेला.

"अगं, फोनिक्स म्हणजे वाचन नाहीच मुळी," उन्मेषने कायद्याची बाजू मांडली. "नुसते आवाज. आवाजाला कुठे बंदी आहे?"

ऋता शेजारी मृणालदींकडे गेली (ती त्यांना दिदा, म्हणजे बंगालीत आजी, म्हणायची) आणि निकाल घेऊन आली. "मृणालदिदा म्हणाली, बाबांना सांग, वकिली नको."

"मंडपातली भोगाची खिचडी खा आणि झोप काढ," वैदेही म्हणाली. "पोरगी कशी मजेत आहे बघ."

"तिचं वर्ष जाईल, वैदेही." मैत्रिणी पुढच्या वर्गात गेल्यात आणि आपली लेक त्याच चिमुकल्या खुर्चीवर मागे राहिलीय, हे चित्र दोन आठवडे त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

संध्याकाळी त्याने युक्ती काढली. मिठाई आणायच्या निमित्ताने ऋताला जवळच्या नागेरबाजारला न्यायचं. रस्ताभर पाट्याच पाट्या. पोरीची नजर कुठे ना कुठे पडणारच. ऋताने घराबाहेर पडताच डोळे गच्च मिटले. बस आली तेव्हा त्याने तिला कडेवर घेतलं, तर तिने बाबांचेही डोळे झाकले. बसवर काय लिहिलंय ते त्यामुळे शेवटपर्यंत कळलं नाही, आणि बापलेक मिठाईच्या दुकानाऐवजी पार नदीपलीकडे हावड्याला पोचले.

वाटेत ऋता मांडीवर आडवी पडून कंडक्टरची आरोळी तोडत होती, जोडत होती. "ह्... आ... व्... ड्... आ. हावडा. बाबा, तू कर ना."

"गप्प बस गं जरा. मला उद्याचा विचार करू दे," उन्मेष म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शाळेत परीक्षा घेणाऱ्या लीना मिसनी बापलेकीला समोर बसवून पहिलं कार्ड धरलं. ऋता ओठातल्या ओठात पुटपुटली आणि म्हणाली, "मॅट." मग "सन." मग "फिश" सुद्धा. उन्मेषला भरून आलं. त्याने चष्मा पुसून घेतला.

"छान चिकटवते की," मिस म्हणाल्या. "घरी सराव कोण घेतं?"

"मीच," उन्मेष म्हणाला. (तेवढ्यावर थांबायला काय हरकत होती?) "मी रोज आवाज करून दाखवतो."

"वा. मग हे कार्ड तुम्ही वाचा. घरचे आणि शाळेचे आवाज जुळतात ना, ते आम्ही बघतो."

कार्डावर 'पॅन' हा शब्द होता. उन्मेषने घसा साफ केला. "पअ... ॲ... नअ." लहानपणी शाळेत जिवाच्या आकांताने घोकलेला अ प्रत्येक व्यंजनाच्या पाठीमागून हात धरून येत होता.

"आता चिकटवा."

"पअॲनअ."

मिसनी कार्ड खाली ठेवलं. ऋताने बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग मिसनी अतिशय समजूतदार चेहऱ्याने काहीतरी लिहिलं आणि त्याच्याशी हळू आवाजात बोलल्या.

फाटकाबाहेर येतो तोच वैदेहीचा फोन. "काय झालं? घेतलं का पहिलीत?"

"ऋताला घेतलं."

"ऋताला म्हणजे? आणखी कोण होतं?"

उन्मेषने आजूबाजूला ओळखीचं कोणी नाही, याची खात्री करून घेतली.

"मला केजीत ठेवलंय. दर शनिवारी. आणि डबा आणायला सांगितलाय."