शिट्टी ऐकायची सवय

फॅक्स चालू असताना त्याच लाइनवरचा शेजारचा फोन उचलून त्याची शिट्टी ऐकल्याशिवाय उपेंद्रला चैन पडत नसे. कागद घातला, बटण दाबलं, की रिसीव्हर कानाला. जुन्या लाइनवर ही सवय खपून जायची. पण द्वारका चौकाजवळच्या त्याच्या द्राक्षांच्या ऑफिसात भाचा शौनकने इंटरनेटवरून फोन लावायचा डबा बसवला आणि घोटाळा सुरू झाला. नेमका आजच दराचा कागद बाराच्या आत दुबईला पोचायला हवा होता, नाहीतर तिथला व्यापारी सांगलीची द्राक्षं घेणार होता. आणि कागद सारखा अर्ध्यात तुटत होता.

"मामा, हा डबा शिट्टी पाठवतच नाही," शौनकने मोबाइलवर समजावलं. "मजकुराचे तुकडे करून धाडतो, तिकडचा डबा ते जोडतो. वाटेत एखादा हरवला तर, म्हणून प्रत्येक तुकडा दोनदा पाठवतो. पण तुम्ही फोन उचललात की त्याला वाटतं, माणसं बोलायला लागली. मग तो फॅक्स सोडून देतो."

"मी नुसता ऐकत होतो रे."

"ऐकूच नका."

उपेंद्रची बायको सुमेधा उठली आणि फोन वायरसकट मांडीवर घेऊन बसली. उपेंद्रने बटण दाबून हात पाठीमागे बांधले. कागद पुन्हा अर्ध्यात तुटला.

"आता मी हात तरी लावला का?" उपेंद्रला भलताच आनंद झाला. मग त्याचं लक्ष घड्याळाकडे गेलं आणि तोंड उतरलं.

सुमेधाने त्याचा मोबाइल घेऊन दुबईला लावला. व्यापाऱ्याच्या ऑफिसात नांदगावचा भिकन कारकून होता.

"भिकनभाऊ, फॅक्स येताना तुम्ही काही करता का?"

"नाय वहिनी. फोन उचलून ऐकतो फक्त, येतोय का नाय ते."

सुमेधाने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे पाहत होता.

"आता उचलू नका. माझ्याशीच बोला. नांदगावला पाऊस कसाय? आई बरी आहे ना?"

भिकन आईच्या गुडघ्यांबद्दल बोलू लागला, उपेंद्रने पुन्हा बटण दाबलं आणि कागद सरसर निघून गेला.

"आला, वहिनी. साहेब वाचतायत. थांबा, उत्तर तिकडंच फॅक्स करतो."

बाराला थोडा वेळ होता. मोबाइल टेबलावर ठेवून दोघं मशीनवर ओणवी झाली. भिकनच्या अक्षरातला कागद हळूहळू बाहेर येऊ लागला: 'आपला दर आम्हाला'. तेवढ्यात तो थांबला.

उपेंद्रने मान वळवली. फोनचा रिसीव्हर सुमेधाच्या कानाला होता.

"येतोय का, ते बघत होते," ती पुटपुटली.

टेबलावरच्या मोबाइलमधून भिकन ओरडत होता, "मंजूर लिहिलंय पुढं, मंजूर! पण मधेच फोन कोणी उचलला?"

उपेंद्रने मोबाइल उचलला आणि मोठ्या रुबाबात सांगितलं, "मी नाही."