सहा निळ्या वायरींची अधिकृत ओळख

ज्या वस्तूवर चिठ्ठी नाही ती जबाबदार माणसाने ओळखू नये, हा सार्वजनिक कामकाजाचा पाया आहे. उचगावात पंपाच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून देणाऱ्या कुलसुमला हे ठाऊक नव्हतं. तिला फक्त मोटारीतलं कळत होतं.

शेजारच्या एका गावात पाहणी पथक येणार म्हणून पाणी योजनेचं पंपघर रंगवलं गेलं. त्यात थ्री-फेज मोटारीच्या, रंगावरून ओळखायच्या सहाही वायरी निळ्या झाल्या. (रंगाऱ्याची गैरसोय टाळण्यासाठी त्या आधी सोडवून ठेवल्या होत्या.) पथक खूश होऊन गेलं. पाणी बंद झालं.

कुलसुम मीटर आणि बॅटरीचा सेल घेऊन आली. एका गुंडाळीची दोन टोकं कोणती ते पाहत तिने तीन जोड्या लावल्या. मग एका जोडीला सेल क्षणभर टेकवून बाकीच्यांवर मीटरचा काटा कुठे झुकतो ते पाहिलं, आणि प्रत्येक जोडीच्या सुरुवातीच्या टोकाला लाल दोरा बांधला. वीस मिनिटं लागली.

"हे कशावरून?" पाणी समितीचे अध्यक्ष विजयसिंह म्हणाले.

"काटा सांगतोय की, साहेब."

"काट्याची सही लागंल."

ती मिळेना, म्हणून तिघांची उपसमिती नेमली. (निःपक्षपातीपणासाठी विजेतलं कळणारा कुणी घेतला नाही.) चार बैठकांनंतर ठरलं: प्रत्येक जोडीतली लांब वायर सुरुवातीची, आखूड शेवटची. दोरे अनधिकृत म्हणून काढले. छापील, लॅमिनेट केलेल्या चिठ्ठ्या लागल्या.

"दोन नंबरची जोडी उलटी हाय," कुलसुम म्हणाली. "मोटार फिरायची न्हाय, नुसती घुमंल. चालू ठेवली तर जळंल."

'तोंडी सूचना प्राप्त' अशी नोंद झाली. मोटार सुरू केली. ती घुमली, तापली, आणि स्टार्टरने स्वतःच्या जबाबदारीवर तिला बंद केलं. अहवालात लिहिलं: 'मोटारीने प्रतिसाद दिला.'

त्या पंपघरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असं कुलसुमने ठरवलं. नवव्या दिवशी त्या गावातली बायडाबाई रिकामी घागर घेऊन तिच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. हातपंपावरून पाणी वाहून तिचे गुडघे सुजले होते.

"तुला येतंय तर कर की बाई," ती म्हणाली.

कुलसुम त्या गुडघ्यांकडे बघत राहिली. मग तिने मीटर उचलला.

उपसमिती जेवायला गेलेली असताना तिने पुन्हा तपासून दोन नंबरच्या जोडीची टोकं अदलाबदल करून जोडली. चिठ्ठ्यांना हात लावला नाही. संध्याकाळी नळांना पाणी आलं.

चिठ्ठी-पद्धतीच्या यशाबद्दल विजयसिंहांचा सत्कार झाला. पुढे त्यांनी प्रशिक्षण वर्ग घेतला. कुलसुमला प्रशिक्षणार्थी म्हणून बोलावलं.

"साहेब, दोन नंबरची चिठ्ठी अजून उलटीच हाय," ती तिसऱ्या रांगेतून म्हणाली.

"पाणी येतंय न्हवं?"

"येतंय."

"मग?"

या 'मग?'ला वाचकांनी जरूर हसावं. फक्त त्याआधी घरच्या स्विचबोर्डापाशी जावं. तिथे 'पंखा' लिहिलेलं बटण दाबलं की न्हाणीघरातला दिवा लागतो, आणि गेली बारा वर्षं तुम्ही ते दुरुस्त न करता प्रत्येक पाहुण्याला शिकवत आला आहात.