टुंड्रा, तैगा आणि बाबांचं डोकं

दुरुस्त्यांनी फक्त जरासा बर्फ पाडायचं ठरवलं होतं. (दुरुस्ते हे आडनाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते कारकून, आणि दुसऱ्याच्या कामाला आपला हात लागल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, म्हणून ऑफिसनं ठेवलेलं हे नाव. घरीही तेच चालायचं.)

लेक पर्यावरण स्पर्धेसाठी महिनाभर खपत होती. अख्ख्या शाळेतून तिची एकटीचीच निवड झाली होती. थर्माकोलचा अर्धा गोल, त्याच्या माथ्यावर खुरट्या शेवाळाचा टुंड्रा आणि खाली हिरव्या काड्यांचं तैगाचं दाट जंगल, अशी झकास प्रतिकृती तिनं केली होती. स्पर्धेच्या सकाळी ती आंघोळीला गेली, तेवढ्यात दुरुस्त्यांनी पांढऱ्या रंगाचा स्प्रे उचलला आणि मारला फुर्रर्र!

स्प्रेचा रंग थर्माकोल खातो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. उत्तर ध्रुव चुरचुरला, खचला आणि टेबलाला टेकला. पाठोपाठ जंगलही खड्ड्यात गेलं.

“बाबाऽऽ! माझा टुंड्रा!” लेकीनं भोकाड पसरलं.

“अगं, ग्लोबल वॉर्मिंग म्हणून दाखव ना,” दुरुस्ते चाचरले.

“एवढं वॉर्मिंग पृथ्वीलासुद्धा झालेलं नाही!”

“तुमच्या हातांना खाज सुटते का हो?” बायको झाडू घेऊनच आली.

दुरुस्त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मान खाली घालून मटकन खुर्चीत बसले. आणि लेकीचं रडं एकदम थांबलं. समोर बाबांचं डोकं होतं. माथ्यावर चकचकीत टक्कल, तिथं कशीबशी तग धरून राहिलेली थोडी लव, आणि कानांच्या वरपासून खाली दाट रान.

“आई,” ती कुजबुजली, “वृक्षरेषा! इथं झाडं संपतात आणि टुंड्रा सुरू!”

“अगंबाई, खरंच की!” म्हणत बायकोनं पावडरचा डबा आणला. केसांत कागदी झाडं खोचताना तिला इतका हुरूप आला होता, की पिना कुठं टोचताहेत याचं तिला भानच नव्हतं. दुरुस्त्यांनी हूं की चूं केलं नाही. कोणत्या तोंडानं करणार?

स्पर्धेच्या हॉलमध्ये दुरुस्ते हनुवटी टेबलावर टेकवून बसले. गळ्याभोवती चादर. परीक्षक आले आणि थबकले.

“ही प्रतिकृती?”

“हो सर.”

“तैगा जरा विरळ वाटतोय.”

“जंगलतोड, सर. दरवर्षी वाढतेय.”

परीक्षकांनी टुंड्रावर पेन्सिलीनं टकटक केलं. “आणि याच्या खाली काय असतं?”

“कायमचं गोठलेलं, सर. वर्षानुवर्षं आत काही हलत नाही.”

मागे उभ्या असलेल्या बायकोनं मनापासून मान डोलावली. तेवढ्यात पावडर नाकात गेली आणि दुरुस्त्यांना सणसणीत शिंक आली.

“हिमवादळ,” लेक शांतपणे म्हणाली.

परीक्षक खूश झाले. “शाब्बास! आता तैगातली झाडं सांग.”

“पाइन, स्प्रूस, फर, लार्च. सगळी बारा महिने हिरवीगार.”

“लार्च नाही!” टेबलावरून आवाज आला. “त्याची पानं गळतात!”

अख्खा हॉल टेबलाकडे वळला. दुरुस्त्यांनी जीभ चावली, पण बोलून बसले ते बसलेच. लेकीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की माथ्यावरची उरलीसुरली लवही थरथरली.

तरी पोरीचा दुसरा नंबर आला. दुरुस्ते इतके हरखले, की झाडांसकट उभे राहून टाळ्या वाजवू लागले. परीक्षकांनी माइक जवळ ओढला.

“पहिला नंबर अगदी थोडक्यात हुकला,” ते म्हणाले. “मुलीची तयारी उत्तम आहे. प्रतिकृतीही सुंदर. फक्त ती मध्येमध्ये बोलते.”