गळत होती तेव्हा चालत होती

साहेब, चूक तुमची आहे. राघोची नाही, मुश्ताक मिस्त्रीची नाही, आणि ज्यांनी इंजिनात सूत कोंबायला लावलं त्या हिरामण दाजींचीसुद्धा नाही. त्यांच्या वाट्याचं त्यांना पुढे देऊच. पण 'गळकी गाडी नव्या रस्त्यावर उभी राहणार नाही' असं ज्या तोंडाने सांगितलं गेलं, ते तोंड तुमचं होतं.

भिवंडीजवळ काल्हेरच्या जुन्या गावात गल्लीच्या टोकाला राघोचं घर. दारात जीप. जीप बापाची. बाप गेला, शेतावर गोदामं उभी राहिली, गोदामांचं भाडं भावकीत वाटलं गेलं. फक्त राघोचं म्हणावं असं उरलं ते ही जीप. तिचं इंजिन मागच्या अंगाला गळायचं. इंजिन जिथे गियरबॉक्सला जुळतं तिथे आत एक सील असतं, ते म्हातारं झालं होतं. रात्रभर उभी राहिली की खाली बशीभर तेल. राघोच्या बायकोने, मैनाने, त्यावर केव्हाच उपाय काढला होता. एक घमेलं, आणि त्यात लूमवरून, म्हणजे यंत्रमागावरून, वाया गेलेली सुताची गुंतवळ. गाडी आली की घमेलं खाली, गाडी निघाली की बाजूला. कुणाची तक्रार नव्हती. गाडीचीही नाही.

मग निवडणुकीच्या तोंडावर गल्ली काँक्रीटची झाली आणि रस्ता मंजूर करणारे तुम्ही, साहेब, फोटो काढून घ्यायला आलात. नेमकी त्या दिवशी मैना शेलारला नणंदेकडे गेलेली, घमेलं भिंतीला उभं. फोटोत पांढराशुभ्र रस्ता आला, हार घातलेले तुम्ही आलात आणि मधोमध काळा डाग आला.

"ही गाडी कुणाची?"

"माजी, साहेब."

"गळतेय."

"जुनी हाय. या वयात मानूसपन गळतंय."

"मला अक्कल शिकवू नका. नव्या रस्त्याची वाट लावलीत तुम्ही. गळकी गाडी नव्या रस्त्यावर उभी राहणार नाही. दुरुस्त करा, नाहीतर उद्या उचलून नेतो."

एरवी राघोने असं ऐकून घेतलं नसतं. पण शेलारला थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या घरी लग्न होतं. आक्काची करिष्मा. आक्का स्वतः नवरी होऊन याच जीपमधून निघाली होती, आणि बाप मरताना बोलून गेला होता, "आक्काच्या पोरीला मांडवात आनशील तर याच गाडीतून." मामाने नवरी मांडवात आणायची हा मान राघोचा, आणि गाडी बापाची. गाडी उचलून नेली तर आक्काला तोंड काय दाखवायचं? म्हणून राघोने मान डोलावली. जन्मात पहिल्यांदा त्याने सरकारचं ऐकलं. तेवढं एक ऐकलं नसतं तर, साहेब, ही गोष्ट इथेच संपली असती.

जीप ढकलत अंगणात घेतली. नाक्यावरून मुश्ताक मिस्त्री आला, गाडीखाली आडवा झाला आणि खालूनच म्हणाला, "दो घंटे का काम हाय, भाऊ. चाय बोलो."

दोन घंट्यांत इतकंच कळलं की ते सील हाताला लागायला आधी प्रोपेलर, म्हणजे मागची चाकं फिरवणारा दांडा, काढायचा, मग गियरबॉक्स उतरवायचा, मग क्लच, मग फ्लायव्हील. नथीचा मोती बदलायला बाईचे आधी पाय काढावेत, तसा प्रकार. संध्याकाळी अर्धी जीप अंगणात पसरली होती आणि मैना गियरबॉक्सला वळसा घालून तुळशीला पाणी घालत होती.

"अवं, ही परत जुलंल ना?"

"मिस्त्री हाय ना."

"मिस्त्री तर चाय पितंय मगापासना."

शेवटी सील बाहेर आलं. दोरी होती ती. करंगळीएवढी जाड, जळून काळी पडलेली, दोन तुकड्यांत.

"ये तो पुराना माल हाय, भाऊ," मुश्ताक म्हणाला. "आता सगळं रबरचं येतं. ही दोरी भिवंडीत मिलणार नाय. बाहेरून मंगवावी लागेल."

"कवा येल?"

"येल तवा येल."

आक्काचे यजमान, म्हणजे राघोचे दाजी, त्याच वेळी लग्नाचं विचारायला टेकले होते. हिरामण दाजी नारपोलीत लूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. यंत्राचं आपल्याला सगळं कळतं, अशी त्यांची स्वतःबद्दल पक्की खात्री. त्यांनी दोरी बोटावर फिरवली आणि हसले.

"दोरीच ना? भिवंडीत बसून दोरीसाठी रडतंस, राघो? अख्ख्या देशाला नेसवतंय हे गाव!"

"पर दाजी, इंजिनची दोरी अलग आती है," मुश्ताक चाचरला.

"ओ मिस्त्री, माझी लूम चोवीस तास चालते. तुझं इंजिन चालतं का चोवीस तास?"

मुश्ताक पुन्हा गाडीखाली शिरला. दाजींनी ड्युटीवरून येताना बॉबिनभर सूत आणलं. मैनाने त्याची वेणी घातली, मुश्ताकने ती तेलात भिजवून ठोकून बसवली. सगळं जुळलं. उरलेले नटबोल्ट मुश्ताकने खिशात टाकले, "कंपनी जास्तीच देती" म्हणाला. जीप चालू झाली आणि राघोने फोनवर आक्काला इंजिनाचा आवाज ऐकवला. खाली एक थेंब नाही. दाजींनी स्वतःच टाळ्या वाजवल्या.

खाडीच्या पुलापर्यंत जाऊन येईतो प्लास्टिक जळाल्यासारखा वास सुटला. सकाळी बघतात तर घमेलं भरून तेल अंगणात पसरलेलं. आधी गळत होती, आता ओतत होती.

पुन्हा प्रोपेलर, गियरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील. वेणी बाहेर आली ती वितळून, मेणबत्तीसारखी.

"दाजी, हे सूत हाय का काय हाय?" राघोने विचारलं.

"पॉलिस्टर," दाजी खाली बघत म्हणाले. "आता सुती येतंच कुठं लूमवर?"

अख्ख्या देशाला काय नेसवतात ते राघोला त्या दिवशी कळलं.

मग खरी दोरी मागवली. ती येईपर्यंत पत्रिका वाटून झाल्या, शेलारला गावाबाहेरच्या मैदानात मांडव पडला, आणि जीप अंगणात पोट उघडून पडून राहिली. दोरी आली ती हळदीच्या दिवशी. मुश्ताकने जेवण सोडून ती बसवली. गाडी चालू केली, तासभर चालू ठेवली. खाली घातलेला वर्तमानपत्राचा कागद कोरडा. राघो गुडघे टेकून त्या कागदाकडे देवाच्या पायाकडे बघावं तसा बघत बसला. मैनाने घमेलं घासूनपुसून लखलखीत करून ठेवलं. राघोने जीपला झेंडूची माळ बांधायला घेतली, आणि गल्लीत जेसीबी शिरला.

नव्या काँक्रीटचा पहिला तुकडा उडाला तेव्हा राघोला वाटलं, शेजारी कुणाचं काम निघालं असेल. माळ बांधून तो वळला तर अंगणाच्या तोंडाशी पुरुषभर खोल चर आडवा पडलेला, आणि पलीकडे मातीचा ढीग.

"अरे ए! माजी गाडी आत हाय! उद्या लगीन हाय!"

"पाइपलाइन का काम है, चाचा. ऑर्डर है," जेसीबीवाला म्हणाला. त्याचा दोष नाही. त्याला जेसीबी दिला होता, डोळे तुमच्याकडे होते.

राघो मातीने भरलेल्या चपलांनी तुमच्या ऑफिसात आला, आठवतं? तुम्ही म्हणालात, "पाइपलाइन जनहिताची आहे."

"मंग माज्या तेलाचा डाग पडला तो रस्ता कुटं गेला?"

"तो विषय वेगळा."

रात्री हळद आटोपून धावत आलेले दाजी म्हणाले, "लूमचे लोखंडी बीम आणतो. चरावर टाकू आणि..." राघोने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. दाजींनी बीमचा विषय पुन्हा काढला नाही.

लग्नाला राघो दाजींनी पाठवलेल्या स्कूटरवर मागे बसून गेला, फेटा हाताने धरून. करिष्मा भाड्याच्या पांढऱ्या गाडीतून आली. त्याने तिचा हात धरून तिला मांडवात आणली, मामाचं सगळं रीतसर केलं. कुणी त्याला बोल लावला नाही. पण मंगलाष्टकं चालू असताना आक्काची मान पुन्हा पुन्हा रस्त्याकडे वळत होती, आणि दर वेळी राघो आपल्या पायाकडे बघत होता. बापाचा एक शब्द होता. तो मोडला, आणि मोडला कशापायी, तर दुसऱ्या कुणाचा तरी शब्द पाळला म्हणून.

चार दिवसांनी नवं जोडपं आक्काला घेऊन मामाकडे जेवायला आलं. चर तसाच होता. करिष्मा शालू उचलून फळीवरून अंगणात आली ती थेट जीपमध्ये जाऊन बसली.

"मामा, चालू करा ना."

राघोने चालू केली. जीप चरापर्यंत पुढे गेली. मग भिंतीपर्यंत मागे आली. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मागच्या सीटवर बसलेल्या आक्काने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती ते आरशात कळत नव्हतं.

"राघ्या, शेलार आला का सांग रं."

राघोने गियर पुन्हा मागचा टाकला.

"गलत व्हती तवा चालत तरी व्हती," आक्का हळूच म्हणाली.

तेवढ्यात चरात फस्स झालं. तुमच्या नव्या पाइपचा सांधा सुटला होता. बघता बघता चरात पाणी चढायला लागलं. आणि तुम्ही आलात, साहेब. या वेळी फोटोवाला नव्हता.

राघो जीपमधून उतरला. भिंतीला लावलेलं लखलखीत घमेलं घेतलं, त्यात सुताची गुंतवळ घातली, फेटा बांधण्याइतक्या निवांतपणे चरात उतरला आणि घमेलं पाइपच्या सांध्याखाली धरलं.

"साहेब, माजी गाडी वाकून बगा. थेंब न्हाय. आता ही गलती कुनाची? आनि हिला उचलून न्यायला कवा येताय?"

तुम्ही फोन कानाला लावलात. फोन वाजला नव्हता, ते सगळ्यांनी पाहिलं.

घमेलं भरून वाहतंय. राघो गुडघाभर पाण्यात उभा आहे. पांढरा रस्ता नाही, काळा डाग नाही, लग्न होऊन गेलं. जीप अंगणात कोरडी ठणठणीत उभी आहे.

बोला, साहेब. राघोने विचारलंय.