दोन इंच लूज

टीव्हीखालच्या कप्प्यात टेप घालून मास्तर गुडघ्यांवर बसले होते आणि त्यांच्यामागे त्यांची बायको वही-पेन्सिल घेऊन उभी होती. चाळीस वर्षं असंच चाललं होतं. शिवणकामाच्या दुकानात मास्तरांनी माप घ्यायचं, आकडा पुकारायचा आणि तिने वहीत लिहायचा. फरक एवढाच, की आज समोर गिऱ्हाइकाऐवजी कपाट होतं.

"रुंदी चौदा," मास्तर म्हणाले. "उंची नऊ. खोली चौदा. लिहिलंस?"

"लिहिलं. पण तुम्हाला एवढा घाम कशाला आलाय?"

"शर्ट नाहीये हा. चुकला तर उसवता येणार नाही."

मास्तरांना घाम येण्याचं कारण दुसऱ्या शहरात राहत होतं. त्यांचे एकुलते एक चिरंजीव कॉम्प्युटरवरचे खेळ तयार करणाऱ्या कंपनीत होते. खेळातले रस्ते, पूल आणि पडकी घरं उभी करायची, हे त्यांचं काम. शुक्रवारी संध्याकाळी घरी यायचे आणि रविवारी जेवण घशाखाली उतरायच्या आत पिशवी उचलायचे. गेल्या महिन्यात फोनवर ते सहज बोलून गेले, "घरी तसा कॉम्प्युटर असता ना, तर थोडे दिवस तिथूनच काम केलं असतं." सहज बोललेलं ते वाक्य मास्तरांनी ऑर्डरसारखं नोंदवून घेतलं.

"कसा हवा ते सांग," त्यांनी लगेच विचारलं होतं.

"छोटासाच बघा बाबा. दिवसा आतल्या टेबलावर काम करीन, संध्याकाळी बाहेर आणून टीव्हीला जोडू. आतलं सामान मी दुकानदाराला सांगतो, आकार तुम्ही ठरवा. आणि जागा नसेल तर राहू दे."

हे 'राहू दे' मास्तरांना चांगलं ओळखीचं होतं. दोन वर्षांपूर्वी आतल्या खोलीत कापडाचे गठ्ठे पाहून चिरंजीव असंच "राहू दे" म्हणाले होते आणि त्या दिवसापासून दीड दिवसाचे पाहुणे झाले होते. या वेळी मास्तरांनी गठ्ठे माळ्यावर टाकून टेबल मोकळं केलं. बाहेरच्या खोलीची अट बायकोने घातली. तिथे गिऱ्हाइकं बसतात, तेव्हा ते खोकं टीव्हीखालच्या कप्प्यात गेलं पाहिजे, मध्ये कुठे तोंड वर काढून बसायला नको. चिरंजीव शुक्रवारी पाचला येणार होते. मास्तर गुरुवारी कॉम्प्युटरच्या दुकानात गेले.

दुकानदाराने तीन खोकी समोर मांडली. पहिलं शब्दकोशाएवढं होतं, दुसरं बुटांच्या खोक्याएवढं आणि तिसरं त्याहून बऱ्यापैकी ऐसपैस.

"हे सगळ्यात लहान," दुकानदार म्हणाला. "दिसायला गोजिरं आहे, पण यात खेळांची चित्रं काढणारं मोठं कार्ड बसत नाही, आणि जोर लावला की तापतं."

"तापतं म्हणजे पेटतं?"

"पेटत नाही हो. पंखा ओरडतो."

"किती ओरडतो? शिलाई मशीनएवढा?"

दुकानदाराने आयुष्यात बरीच गिऱ्हाइकं पाहिली होती, पण खोक्याच्या कडेवरून अंगठा फिरवून "दुमड बरी आलीय" असं म्हणणारं पहिलंच. मास्तरांनी वायरी ओढून पाहिल्या, पंखा बंद पडला तर काय होईल ते तीनदा विचारलं आणि शेवटी खिशातून वहीचा कागद काढला.

"चौदा, नऊ, चौदा. एवढी जागा आहे."

"मग प्रश्नच मिटला. हा तिसरा बरोबर याच मापाचा आहे. चिरंजीवांनी सांगितलंय, मावेल तेवढं मोठं कार्ड घाला. यात सगळ्यात लांब कार्ड मावेल." दुकानदाराने मागे चिकटवलेल्या चंदेरी पट्टीवर बोट ठेवलं. "नाही आवडला तर दोन दिवसांत बदलून देऊ. फक्त ही पट्टी शाबूत पाहिजे."

शुक्रवारी सकाळी कॉम्प्युटर घरी आला. मास्तरांनी तो लेकराला झोळीतून काढावं तसा खोक्यातून काढला, कप्प्यापुढे नेला आणि आत ढकलला. तो आत गेला नाही. उभा करून पाहिला, आडवा करून पाहिला, तिरका करून पाहिला. सुनेला उंबरठ्यावर अडवावं तसं कपाटाने त्याला अडवून धरलं.

"वहीत बघ," ते बायकोला म्हणाले. "तू चुकीचं लिहिलं असशील."

"तुम्ही पुकारता तेच मी लिहिते. चाळीस वर्षांत माझ्या पदरचा एक आकडा घातला नाही." तिने वही त्यांच्या नाकापुढे धरली. चौदा, नऊ, चौदा. कॉम्प्युटरही चौदा, नऊ, चौदा होता. मास्तरांनी टेप कॉम्प्युटरला लावून पाहिला, तोही बरोबर होता. कपाटाला पुन्हा टेप लावायचा मात्र त्यांना धीर होईना.

"बदलून आणा ना," बायको म्हणाली.

एवढा सोपा उपाय ऐकून मास्तरांच्या जिवात जीव आला. त्यांनी खोक्यात सगळं भरायला घेतलं आणि मागची चंदेरी पट्टी पाहण्यासाठी कॉम्प्युटर वळवला. पट्टी नव्हती. ती त्यांच्या खिशातल्या धागे कापायच्या छोट्या कात्रीच्या टोकाला चिकटली होती. कपड्यावर काही लोंबताना दिसलं की मास्तरांचा हात न विचारता चालायचा, आणि पट्टीचं एक टोक सकाळी उचललेलं होतं. त्यांनी ते कधी कापलं, हे त्यांचं त्यांनाही आठवेना.

आता शेजारच्या सुताराला बोलावण्यावाचून इलाज उरला नाही. सुतार कानावर पेन्सिल खोचून आला. त्याने कप्पा पाहिला, कॉम्प्युटर पाहिला आणि काही न बोलता कप्प्यात टेप घातला.

"रुंदी बारा, उंची सात, खोली बारा," तो म्हणाला. "मास्तर, चौदा कुठून आणलंत?"

मास्तरांचा हात आपोआप छातीशी गेला, शर्टाचा सैलपणा ओढून पाहावा तसा.

"दोन इंच लूज धरलं," ते हळूच म्हणाले.

"कसलं लूज?"

"अंगाच्या मापात दोन मिळवल्याशिवाय मी आकडा सांगतच नाही. नाहीतर कपडा काचतो."

सुताराने पेन्सिल कानावरून काढली आणि परत खोचली. "आम्ही वजा करतो हो. कप्प्यात जायचंय ना ते? तुम्ही तर कपाटाला कोट शिवलात."

बायकोने पदर तोंडाला लावला. मास्तरांना मात्र हसू येत नव्हतं. दोन वाजले होते. तीन तासांनी चिरंजीव दारात उभे राहणार, जागा नाही म्हणून पाहणार आणि "राहू दे" म्हणणार, एवढंच त्यांना दिसत होतं.

"मधली फळी काप," ते म्हणाले. "बाजूचा कप्पा जोडून घे. उंची-खोलीचं मग बघू."

"तिच्यावर टीव्हीचा भार आहे."

"काप म्हणतो ना."

सुताराने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा करवत काढली. फळी निघाली आणि वरची फळी अळवाच्या पानासारखी वाकली. टीव्ही घसरत बायकोच्या बाजूला आला. तिने तो छातीशी धरला. मग सगळ्यांनी मिळून तो कापडं कापायच्या टेबलावर ठेवला. टेबलावरची कापडं खुर्च्यांवर गेली, खुर्च्यांवरचे शिवलेले कपडे दाराला टांगले गेले, आणि कॉम्प्युटर शिलाई मशीनजवळच्या स्टुलावर जाऊन बसला. म्हणजे जिथे दिसायला नको होता, तिथे नेमका मधोमध. "उद्या जाड फळी घेऊन येतो," असं म्हणत सुतार निघून गेला. मास्तर भुशात बसून राहिले.

पाच वाजून दहा मिनिटांनी चिरंजीव आत आले आणि दारातच थांबले. त्यांनी पोट रिकामं झालेलं कपाट पाहिलं, टेबलावरचा टीव्ही पाहिला, भुशात बसलेले वडील पाहिले.

"काय झालं?"

"माप चुकलं," मास्तर म्हणाले. एवढे दोन शब्द बोलायला त्यांना चाळीस वर्षं लागली होती. "दोन इंचांनी जागा नाही झाली रे. तू म्हणशील तर कपाटच काढून टाकतो. पण लगेच राहू दे म्हणू नकोस."

चिरंजीवांनी स्टुलापाशी उकिडवं बसून कॉम्प्युटरची बाजूची झाकणी काढली आणि ते आत डोकावले.

"यात लांब कार्ड बसलंय," ते म्हणाले.

"वाईट आहे का?"

"वाईट? बाबा, मला वाटलं तुम्ही शब्दकोशाएवढा डबा आणणार. त्यावर माझं अर्धं काम झालं नसतं. दोन दिवस राहून परत जायचं ठरवूनच आलो होतो मी." त्यांनी झाकणी बसवली. "यावर सगळंच होईल. दोन इंच लहान असता तर हे कार्ड मावलंच नसतं."

"पण ठेवणार कुठे?" आईने विचारलं.

"दिवसा आतल्या टेबलावर. संध्याकाळी इथे स्टुलावर. गिऱ्हाईक आलं तर वर कापड टाक, पण आतला पंखा बंद असेल तरच." त्यांनी वडिलांच्या खांद्यावरचा भुसा झटकला. "आम्ही दोघं खेळू. पंधरा दिवस राहीन म्हणतो."

मास्तर उठले. त्यांनी गळ्यातला टेप सारखा केला, घसा साफ केला आणि सवयीने बायकोकडे वळले.

"लिही," ते म्हणाले. "मुक्काम सतरा."

बायकोने वही उघडून पेन्सिलीने लिहिलं. आज एकदा तोंडघशी पडलेल्या मास्तरांनी मान लांब करून आकडा तपासला. वहीत वीस लिहिलं होतं.

"मी सतरा म्हणालो."

"ऐकलं मी. तीन माझ्या पदरचे," ती म्हणाली आणि वही मिटून तिने चहाचं आधण ठेवलं.